दालचिनीचा वास

नंदुरबार शहर नवख्या माणसाला प्रथम भेटते ते नाकाच्या वाटेने. दिवाळी सरली की शहराच्या भोवतालच्या मोकळ्या रानांत ओल्या लाल मिरचीच्या पथाऱ्या पसरू लागतात. दुरून पाहावे तर कुणी लाल पासोड्याच अंथरल्या आहेत असे वाटते. वारा पडलेला असला तर ठीक. तो जरा फिरला की रस्त्यावरचा सायकलस्वार, शाळेतली मुले, दवाखान्यातले रुग्ण, सारे एकाच सुरात ठसकू लागतात. आमच्या मिस्सेत प्रवचनाच्या मधोमध असा वारा आला म्हणजे भाविकांना खोकण्याचे सबळ निमित्त मिळते आणि आम्हांलाही आवरते घेण्याची सूचना मिळते.

पुढे फाल्गुन-चैत्रात सातपुड्याच्या बाजूला मोहाची फुले गळू लागतात. त्यांचा गोड, जड, काहीसा आंबूस दरवळ पहाटे पाड्यापाड्यांतून भरून राहतो. जिल्ह्याच्या ह्या दोन वासांची आम्हांला आता इतकी सवय झाली आहे, की सुट्टीत वसईला घरी गेलो म्हणजे चार दिवसांनी काहीतरी चुकल्यासारखे वाटते.

वसईच्या वाडीत आमचे नाक घडले. विहिरीवरच्या ओल्या मातीचा, पानवेलींचा, सोनटक्क्याचा आणि वाऱ्याची दिशा बदलली की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, ही आमची बाराखडी. वडील वाडी करीत. फुलांच्या टोपल्या घेऊन ते पहाटेच्या गाडीने दादरला जात आणि ऊन चढायच्या सुमारास परत येत. माणूस अबोल होता. आमच्या पिढीतल्या बहुतेकांचे वडील तसेच असावेत. मुलाच्या पाठीवरून हात फिरवणे हे त्या काळी आईचे काम समजले जाई. वडिलांच्या अंगाला आठवड्याचे सहा दिवस माती, शेणखत आणि फुले ह्यांचा संमिश्र वास असे. सातव्या दिवशी मात्र ते वेगळेच कुणी होत.

त्याला कारण एक पांढरी बाटली. आमचे एक काका बोटीवर नोकरीला होते. दोन-अडीच वर्षांनी ते घरी येत, तेव्हा वडिलांसाठी ओल्ड स्पाइसची एक बाटली आणीत. दुधी काचेची ती बाटली, तिच्यावर शिडाच्या जहाजाचे चित्र. काका जहाजावर आणि जहाज बाटलीवर, ह्याचे आम्हां भावंडांना फार नवल वाटे. काका त्याच जहाजावर काम करतात अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. रविवारी सकाळी वडील दाढी करीत, बाटलीतले दोन थेंब तळहातावर घेत, दोन्ही हात एकमेकांवर दाबत आणि गालांवर मारीत. चट् चट् असा आवाज होई. मग घरभर एक ऊबदार, मसालेदार वास पसरे. त्यात दालचिनी असे, लवंग असे, जायफळाची झाक असे आणि ह्या सर्वांच्या तळाशी आम्हांला नाव न देता येणारे काहीतरी गोड असे. नाताळच्या करंज्या तळताना स्वयंपाकघरात जो वास येई त्याचाच हा एखादा पुरुष नातलग असावा.

अमेरिकेतल्या शुल्टन नावाच्या कंपनीने हे नाव प्रथम १९३७ साली बाजारात आणले ते स्त्रियांसाठी, आणि पुरुषांसाठीचे त्याच्या पुढल्या वर्षी, १९३८ मध्ये, हे आम्ही पुष्कळ उशिरा वाचले. वडिलांना हे सांगितले असते तर त्यांनी बाटली बहुधा आईकडे दिली असती.

शालान्त परीक्षेनंतर आम्ही सेमिनरीत दाखल झालो. महिन्यातल्या एका रविवारी पालकांना भेटीची परवानगी असे. वडील रात्री तीनला उठून निघत आणि दादरला गाडी बदलून पुण्यास येत. भेटीच्या खोलीत लाकडी बाके होती. एका बाकावर ते, समोरच्या बाकावर आम्ही. केळ्यांची फणी, आईने दिलेला डबा, घरची खुशाली, वाडीतली पाण्याची अडचण. दहा मिनिटांत विषय संपत. पुढचा दीड तास आम्ही दोघे खिडकीबाहेर पाहत बसत असू. निघताना ते आमच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवीत. बस्स, तेवढेच. ते गेल्यावर मात्र त्या बाकावर, दाराच्या कडीवर, आमच्या सदऱ्याच्या खांद्यावर ती दालचिनी मागे राहिलेली असे. सेमिनरीत सुगंधी द्रव्ये वापरण्यास मनाई होती; अंगाचा साबणसुद्धा साधा लागे. त्यामुळे तो वास तिथे एखाद्या परवानगीविना आलेल्या पाहुण्यासारखा उठून दिसे. तो सदरा आम्ही आठवडाभर धुवायला टाकीत नसू. धोब्याचे कपडे मोजणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्या सोबत्याच्या हे ध्यानात आले होते; त्याने कधी विचारले नाही, ह्याबद्दल त्या भल्या माणसाचे आम्ही ऋणी आहोत.

आमची गुरुदीक्षा १९९८ साली झाली. योगायोग असा की त्याच वर्षी, १ जुलैला, धुळ्यातून वेगळा काढून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. दीक्षाविधीत महागुरू नव्या धर्मगुरूच्या तळहातांना अभिषेकाचे तेल लावतात, हे वाचकांनी पाहिले असेल. हे साधे तेल नसते. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम हा सुगंधी राळेसारखा पदार्थ मिसळून महागुरू वर्षातून एकदा, पवित्र गुरुवारच्या किंवा त्याच्या आसपासच्या मिस्सेत, ते आशीर्वादित करतात. रुग्णाभ्यंगाच्या तेलात हा सुगंध घालीत नाहीत. बाप्तिस्म्यानंतर बाळाच्या टाळूवर, दृढीकरणात कपाळावर आणि दीक्षेत तळहातांवर जे तेल लागते त्यातच तो असतो. विधी संपल्यावर आईवडील पुढे आले आणि रीतीप्रमाणे नव्या धर्मगुरूच्या हातांचे चुंबन घेऊ लागले. आई रडत होती. वडिलांनी आमचे दोन्ही तळहात आपल्या हातांत धरले, तोंडाजवळ नेले आणि जरा थांबले. बाल्समचा वास वर येत होता. त्यांच्या गालांवरून दालचिनी-लवंगेचा खाली येत होता. ते म्हणाले, "हाताला चांगला वास येतो." एवढेच म्हणाले. दीक्षेच्या दिवशीची प्रवचने, सत्कार, भाषणे ह्यांतले आज आम्हांला काहीही आठवत नाही. ते वाक्य तेवढे आठवते.

वडील २०११ साली गेले. आम्ही पोहोचलो तेव्हा कपाटात शेवटची बाटली होती, तळाशी काही उरले असेल नसेल. आईने ती फेकली नाही, रविवारच्या सदऱ्यांच्या घडीत ठेवून दिली. त्यानंतरची दोन वर्षे आम्ही घरी गेलो की कपाट उघडून उभे राहत असू. मग एका पावसाळ्यात सदऱ्यांना बुरशी आली, आई ते उन्हात घालायला गेली आणि जे काही उरले होते ते वसईच्या हवेत गेले. पुढे दुकानांतून त्याच नावाची बाटली घेऊन पाहिली. वास त्याच घराण्यातला होता, पण वडील त्यात नव्हते. त्यांच्या घामाशी, त्यांच्या साबणाशी आणि फुलांच्या टोपलीशी मिसळून जो वास होई तो कुठल्याच दुकानात मिळणारा नव्हता.

वासाचा आठवणीशी हा संबंध का असावा, ह्याविषयी शास्त्रज्ञांनी बरेच उलगडून दाखवले आहे. दृष्टी, श्रवण, स्पर्श ह्यांचे संदेश मेंदूत आधी एका मधल्या ठाण्यावर जातात आणि तिथून पुढे वाटले जातात. वासाचे संदेश ते ठाणे टाळून, नाकामागच्या गंधकंदातून भावना आणि स्मृती ह्यांच्या केंद्रांपाशी जवळजवळ थेट पोहोचतात. म्हणूनच वास आला की आधी गळा दाटून येतो आणि कशाचा वास ते मागाहून आठवते. माणसाच्या नाकात सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक आहेत आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून असंख्य वास ओळखले जातात. ह्या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल ह्यांना २००४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. इतक्या उशिरा मिळाले ह्याचेच आम्हांला आश्चर्य वाटते. डोळ्यांवर आणि कानांवर माणसाने ग्रंथांचे डोंगर रचले. नाक बिचारे उपेक्षित राहिले.

त्याचे मोल आम्हांला कळले ते २०२१ च्या एप्रिलमध्ये. कोरोनाची दुसरी लाट होती. आम्हांला ताप आला, उतरला, प्राणवायूची गरज पडली नाही, ईश्वराची कृपा. पण पाचव्या दिवशी चहाचा कप तोंडाशी नेला आणि चहा गरम पाणी झाला होता. आल्याचा, दुधाचा, कशाचाच वास नाही. जगात माणसे मरत असताना वास गेल्याची तक्रार कुणाकडे करायची? त्या दिवसांत आम्ही किती अंत्यविधी केले ते इथे सांगत नाही. पण रात्री एकटे असताना मनात जे येई ते सांगतो: वडिलांचा वास आता नाकाला नाही, निदान आठवणीत तरी आणता यावा म्हणून आम्ही डोळे मिटून प्रयत्न करीत असू. चेहरा येई. चट् चट् आवाज येई. वास येत नसे. चेहऱ्याला छायाचित्र असते, आवाजाला ध्वनिफीत असते. वासाला मागे राहायला माणसाच्या नाकाखेरीज जागा नाही. ते नाकच गेले तर वडील आणखी एकदा जाणार होते.

त्या वर्षी मिरचीचा हंगाम आला. आम्ही एका पथारीजवळून जात होतो. वास शून्य, पण डोळ्यांतून पाणी आले आणि असा ठसका लागला की गाडी थांबवावी लागली. एका डॉक्टर मित्रांनी ह्याचा खुलासा केला. मिरचीचा तिखटपणा हा मुळी वासच नाही, चवही नाही. मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य उष्णतेची आणि वेदनेची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. साधारण त्रेचाळीस अंशांच्या वर तापलेली वस्तू जे दार ठोठावते, तेच दार मिरचीही ठोठावते. हे दार डेव्हिड ज्युलियस ह्यांनी १९९७ साली शोधले आणि २०२१ मध्ये, म्हणजे आम्ही पथारीशेजारी ठसकत होतो त्याच हिवाळ्याच्या तोंडावर, त्यांना नोबेल जाहीर झाले. लवंगेतल्या युजेनॉलचीही ऊब ओळखणाऱ्या अशाच तंतूंशी ओळख आहे म्हणे. मसाल्याच्या वासाला आपण 'गरम' म्हणतो ही निव्वळ कवींची लकब नाही तर. आमचे घ्राणेंद्रिय गेले होते, पण शेजारचे दार शाबूत होते. त्या दिवशी नंदुरबारच्या मिरचीने आम्हांला रडवले आणि आम्हांला आनंद झाला.

ह्याच मित्रांनी नाकाला व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, निलगिरी आणि लवंग ह्या चार गोष्टी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, किमान तीन महिने. आम्ही रोजच्या प्रार्थनेनंतर हा दुसरा नेमही धरला. आमच्या स्वयंपाकीणबाईंना फादरचे डोके फिरले असे वाटू लागले. डबीतल्या लवंगा हुंगून परत ठेवणारा मनुष्य त्यांनी पाहिला नव्हता. लिंबू आधी आले, तेही रॉकेलसारखे. लवंग सर्वांत शेवटी आली, अर्धवट, एखाद्या भिंतीपलीकडून.

आता त्या तरुणाविषयी. आमच्या धर्मग्रामातल्या एका पाड्यावरचे हे कुटुंब. ह्या जिल्ह्यातून दरवर्षी कितीतरी माणसे पोटासाठी गुजरातेत जातात. नवापूरच्या स्टेशनाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. आमच्या लोकांचे आयुष्यही तसेच आहे. ह्या मुलाचा बाप तीसेक हंगाम ऊसतोडीला गेला. मुलगा सुरतला कामाला लागला. बापाने पुढे मोहाची दारू जवळ केली आणि ती त्याच्या अंगाच्या वासावरून ओळखू येई. चर्चमध्ये तो शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसे. शेजारी कुणी बसत नसे. दोन वर्षांपूर्वी पौषात, तोडीवरून आजारी होऊन परत आल्यावर, तो वारला.

आम्ही पाड्यावर पोहोचलो तेव्हा देह अंगणात ठेवला होता. पेटी बंद करण्यापूर्वी मुलगा पुढे झाला, खिशातून एक लहान काळी बाटली काढली आणि बापाच्या गळ्याला, मनगटांना, छातीवर फवारू लागला. माणसे कुजबुजली. आमचे धर्मशिक्षक नेकीचे आणि कडक, ते हळूच म्हणाले, "फादर, हे बरं दिसत नाही. मयताला सेंट?" मुलाने ऐकले. तो मराठी जपून बोलतो. तो म्हणाला, "फादर, बाच्या अंगाला सगळे नाक दाबत होते. मी पण दाबलं. आज नको."

आम्ही धर्मशिक्षकांना बेथानीच्या मरियेची आठवण दिली. तिने येशूच्या पायांवर जटामांसीचे तेल ओतले तेव्हाही किमतीवरून कुरकूर झाली होती. तीनशे दीनारांचे, म्हणजे मजुराच्या जवळपास वर्षभराच्या कमाईचे ते तेल होते, आणि प्रभूने त्याचा संबंध आपल्या दफनाशी जोडला. निकदेमाने तर शंभर लिट्रा गंधरस आणि अगरू आणले, आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर. ती जटामांसी हिमालयातली वनस्पती आहे, हेही आम्ही सांगू लागलो होतो, पण तेवढ्यात वारा आमच्याकडे फिरला.

दालचिनी होती. लवंग होती. तळाशी ते नाव न देता येणारे गोड होते. भिंतीपलीकडून नव्हे, समोरून. आमचे नाक जाऊन तीन वर्षे होत आली होती. इतक्या काळात असा सबंध वास आम्हांला आला नव्हता. आम्ही सेमिनरीच्या बाकावर होतो, दीक्षेच्या वेदीपाशी होतो, आणि त्याच वेळी एका अनोळखी बापाच्या पेटीपाशी उभे होतो. विधीचे पुस्तक हातात होते, अक्षरे दिसेनात. पाड्यावरच्या लोकांना वाटले, फादर ह्या माणसासाठी रडताहेत. त्यात खोटे काही नव्हते. शेवटच्या रांगेतला तो माणूस त्या दिवशी आमच्या वडिलांसारखा दरवळत होता.

पुढच्या नाताळला मुलगा सुरतहून आला तेव्हा त्याने आमच्यासाठी तीच बाटली आणली, नवी कोरी. किंमत विचारू नये म्हणतात, आम्ही विचारली. त्याची दोन दिवसांची मजुरी. खोक्यावर घोड्याचे चित्र आहे आणि एका परदेशी नावाचा अपभ्रंश. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांपेक्षा हा घोडा बराच कृश दिसतो. कुपी उघडली की आधी नुसता अल्कोहोलचा भपका येतो आणि उडून जातो. मग वेलची-मिऱ्यासारखे काही झणझणीत, तेही पंधरा मिनिटांचे पाहुणे. त्यानंतर दालचिनी आणि लवंग येऊन बसतात. संध्याकाळी बाही नाकाशी धरली तर चंदन आणि ऊद जळून गेल्यावर राहतो तसा वास शिल्लक असतो. हलके कण आधी उडतात, जड मागे राहतात, एवढेच त्याचे गणित. कनौजचे जुने अत्तरवाले हे वेगळ्या रीतीने जाणत: खस, गुलाब, मोगरा हे उन्हाळ्याचे थंड वास, हीना आणि शमामा हे थंडीतले गरम वास. कानात फाया ठेवून माणूस रजई पांघरल्यासारखा बाहेर पडे.

आता एका धर्मगुरूने ही बाटली वापरावी काय? निर्गम ग्रंथात मंडपासाठी जे अभिषेकाचे तेल सांगितले आहे त्याची कृती वजनासकट दिली आहे: गंधरस पाचशे शेकेल, दालचिनी अडीचशे, सुगंधी वेखंड अडीचशे, तज पाचशे आणि एक हिन ऑलिव्हचे तेल. म्हणजे दालचिनी त्यातही आहे. पण तिथेच ताकीद आहे की तसे तेल कुणी स्वतःच्या अंगासाठी बनवू नये. आम्ही दोन-तीन रविवार नुसते झाकण काढून हुंगले आणि परत लावले. अंगाला लावले असते तर मंडळात पंधरा दिवसांचा विषय झाला असता, ही गोष्टही खरी.

एप्रिलमध्ये एक लग्न होते. नवरदेव सॅक्रिस्टीत येऊन बसला, ऊसतोडीवरून आदल्याच दिवशी परतलेला, उसना कोट, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. घाबरला होता. आम्ही कपाट उघडले, त्याच्या तळहातावर दोन थेंब घातले आणि दोन्ही हात एकमेकांवर दाबून गालांवर कसे मारायचे ते दाखवले. चट् चट्. तो हसला. वेदीपाशी नवरीने मान किंचित वळवून त्याच्याकडे पाहिले, ते आम्ही पाहिले.

हे कुणी कुणाला सांगितले ठाऊक नाही. त्यानंतरचा प्रत्येक नवरदेव सॅक्रिस्टीत येऊन खुर्चीवर बसतो आणि कपाटाकडे बघत राहतो. आमचे धर्मशिक्षकच आता बाटली काढून देतात आणि थेंब मोजतात. तीन मागितले तर दोनच देतात. मुलाचा सुरतहून फोन आला होता, बाटली संपली का म्हणून. बोटभर उरले आहे, आणि ईस्टरनंतर चार लग्ने आहेत.